ओल्या मालाचा भाव

बिरवाडी, ता. महाड
६ जानेवारी २०२५

चि. अमिता,

मामाचे आशीर्वाद. मी बरा हाय, मामी बरी हाय. परवा कुडपणला जाऊन आलो. तुझी आई ठीक हाय, यंदा वर डोंगरात थंडी मात्र फार हाय.

पत्र बघून तुला नवल वाटेल. फोनच करणार होतो. पण तू फोनवर सांगितलेलं मी चौघांना सांगायला जाईपर्यंत निम्मं विसरतो, आणि हे काम निम्मं विसरून भागायचं नाय. आमच्या कामगार कमिटीसमोर वाचून दाखवता येईल असं कागदावर लिहून हवंय.

गेल्या गुरुवारी कंपनीने गेटवर नोटीस लावली. सी-प्लांट ३१ मार्चला बंद. सी-प्लांट म्हणजे मी एकवीस वर्षं जिथे ड्रायर चालवतो तो. तू आमच्या खोलीवर राहून महाडला शाळेत जायचीस तेव्हा माझ्या शर्टावर पिवळे डाग असायचे, ते तिथलेच. कापडाच्या रंगासाठी लागणारी पावडर आमी बनवतो आणि पलीकडच्या बी-प्लांटला देतो. ते तिच्यापासून रंग करतात. आता कंपनी म्हणते, ही पावडर परदेशातून मागवलेली स्वस्त पडते, इथे बनवायचं काम नाय. सेहेचाळीस माणसं हाय आमी.

नोटिशीतली ओळ जशीच्या तशी उतरवतो. “शासनाच्या आयात किंमत निर्देशांकानुसार सदर उत्पादनाची आयात किंमत गेल्या वर्षभरात ३६ टक्क्यांनी घसरली आहे.” खाली तुझ्या दिल्लीच्या ऑफिसचं नाव हाय.

राजू आमच्या कमिटीचा सेक्रेटरी. तो म्हणाला, तुमची भाची तिथंच हाय तर तिला विचारा, हा आकडा खरा हाय की कंपनीने रचला. म्हणून विचारतो. हा निर्देशांक म्हणजे काय, तो काढतात कसा, आणि ३६ खरे हायत का, एवढं साध्या भाषेत लिही. घाई नको, पण उशीरही नको.

तुझा,
किशोरमामा


दिल्ली
१५ जानेवारी २०२५

प्रिय मामा,

तुम्हाला आणि मामीला नमस्कार. तुमचं पत्र काल ऑफिसच्या पत्त्यावर आलं. पाकिटावरचं अक्षर बघूनच काहीतरी गंभीर आहे हे कळलं.

विचारलंत ते क्रमाने सांगते. परदेशातून माल बंदरावर उतरला की मागवणाऱ्याला कस्टमकडे एक कागद भरावा लागतो. माल कोणता, किती किलो, किंमत किती. प्रत्येक प्रकारच्या मालाला आठ आकडी कोड असतो. असे लाखो कागद आमच्याकडे येतात. एका कोडखाली महिन्याभरात आलेल्या सगळ्या मालाची किंमत आम्ही एकत्र करतो, तिला सगळ्या किलोंनी भागतो. त्यातून जो एका किलोचा सरासरी भाव निघतो त्याची तुलना आधीच्या वर्षाच्या भावाशी करतो. त्या वर्षाला शंभर धरायचे. आज चौसष्ट आले, तर भाव छत्तीस टक्क्यांनी उतरला असं म्हणायचं. हाच निर्देशांक.

यात एक खोट आहे, तीही सांगते. कुडपणच्या आबाजीमामाच्या बकऱ्यांचं उदाहरण घ्या. समजा गेल्या वर्षी त्याने आठ मोठे बोकड बारा-बारा हजाराला विकले आणि दोन पिल्लं चार-चार हजाराला. सरासरी आली दहा हजार चारशे. यंदा मोठे तीनच विकले, पण तेरा हजाराला, आणि पिल्लं सात विकली, साडेचार हजाराला. दोन्हींचा भाव वाढला. पण सरासरी काढाल तर सात हजार पन्नास येते. कागदावर बघणारा म्हणेल, कुडपणला बकऱ्या तिसऱ्या हिश्शाने स्वस्त झाल्या. स्वस्त काहीच झालं नाही, फक्त लहान जनावरं जास्त विकली गेली.

पण तुमच्या मालाच्या बाबतीत असं झालं असेल असं मला वाटत नाही. त्या कोडखाली तुमची ती एकच पावडर येते, दुसरं काही नाही. मोठं-लहान असा भेद करायला जागा नाही. आकडा कंपनीने रचलेला नाही. तो आमच्या डिसेंबरच्या पत्रिकेत छापलेला आहे आणि आलेल्या कागदांवरून बरोबर काढलेला आहे.

कोणत्या कंपनीने काय मागवलं ते इथे मला दिसतं, पण ते सांगितलं तर माझी नोकरी जाईल आणि जायलाच हवी. त्यामुळे तसं काही विचारू नका. छापलेल्या आकड्याबद्दल मात्र हवं ते विचारा.

याहून बरी बातमी देता आली असती तर बरं वाटलं असतं.

तुमची,
अमिता


बिरवाडी
२८ जानेवारी २०२५

चि. अमिता,

आशीर्वाद. तुझं पत्र मिळालं. २६ तारखेला सकाळी झेंडावंदन झालं की ग्रामपंचायतीच्या मागच्या शेडमध्ये सगळे बसलो आणि मी ते मोठ्याने वाचलं. बकऱ्यांचं सगळ्यांना समजलं. कुडपणचं नाव आलं तेव्हा माणसं हसलीसुद्धा. पण पुढे शेवटचा भाग वाचला. मग राजू म्हणाला, “म्हणजे खरं हाय.” त्यापुढे मीटिंग फार चालली नाय.

तुझ्यावर कोणाचा रोष नाय. विचारलं ते तू खरं सांगितलंस. उलट दोघेतिघे म्हणाले, बरं झालं, आता कंपनी फसवते म्हणून भांडत बसायला नको.

कंपनीने एक फॉर्म काढलाय. पन्नासच्या वरच्या माणसांनी स्वतःहून निवृत्ती घ्यायची. मॅनेजरनी बोलावून सांगितलं की पंचवीस जुन्या माणसांनी सह्या केल्या तर तरण्यांना बी-प्लांटला घेऊ, नायतर सगळेच बाहेर. मी त्रेपन्नचा. बघू.

तू बाहेरच्या मालाला स्वस्त म्हणतेस ते खरं असेल, पण माल चांगला नाय गो. ऑक्टोबरपासून कंपनी थोडा थोडा मागवते, तो सुकवायला माझ्याच ड्रायरवर येतो. आमच्या मालाला चार तास पुरतात, ह्याला नऊ तास लागतात. पोतं उचललं की हाताला गार लागतं. जहाजात भिजत असणार, दुसरं काय. आमी एवढा कोरडा माल देतो आणि हे भिजकं मागवतात. पण ते स्वस्त, म्हणून चालतं.

मामीने तुझ्यासाठी कुळथाचं पीठ काढून ठेवलंय. दिल्लीला जाणारं कोणी भेटलं की पाठवतो.

किशोरमामा


दिल्ली
७ फेब्रुवारी २०२५

प्रिय मामा,

हे घाईत लिहितेय. तुम्ही शेवटी भिजलेल्या पोत्यांबद्दल लिहिलंत ते मी तीनदा वाचलं.

मला चार गोष्टी कळवा. एक, पोत्याला आत प्लॅस्टिकची पिशवी असते का आणि ती बंद असते का? दोन, पोत्यावर बाहेर काय छापलेलं असतं ते अक्षर न अक्षर उतरवून पाठवा. तीन, एखाददुसरंच पोतं ओलं असतं की सगळी सारखीच? चार, शंभर किलो ओला माल सुकवला की हातात किती किलो उरतो? तुमच्या लॅबमध्ये कोणी ओळखीचं असेल तर त्याला माहीत असेल.

फक्त बाहेर छापलेलं आणि तुम्ही स्वतः बघितलेलं लिहा. ऑफिसचे कागद, बिलं कोणाकडे मागू नका.

आणि मामा, एवढं ऐका. मी काही कळवेपर्यंत त्या फॉर्मवर सही करू नका. फोन केला होता, लागला नाही. मामीला तिच्या फोनवर एवढाच निरोप दिला आहे की पत्र येतंय, सहीचं सांगून तिला घाबरवलं नाही.

अमिता


बिरवाडी
१८ फेब्रुवारी २०२५

चि. अमिता,

तुझं पत्र शनिवारी, १५ तारखेला मिळालं. विचारलंस तसं बघितलं.

आत जाड प्लॅस्टिकची पिशवी हाय, तोंड बांधलेलं. बाहेरून पोतं कोरडं, आत ओलं. म्हणजे जहाजात भिजत नाय. सगळी पोती सारखीच. मीच चुकीचं धरून चाललो होतो. पोत्यावर इंग्रजीत मालाचं नाव हाय आणि त्याच्या खाली बारीक अक्षरात ‘वेट केक’. मी कधी वाचलंच नव्हतं. वाचायची गरजच पडली नाय. वेट केक म्हणजे आमच्याकडे पावडर सुकवायच्या आधीचा जो लगदा असतो तो. आमचाही माल आधी तसाच असतो, मग ड्रायरला येतो. म्हणजे ते लोक सुकवतच नाय, तसाच भरून पाठवतात.

लॅबमध्ये विनीत म्हणून दासगावचा पोरगा हाय, दोन वर्षं झाली लागून, अजून कायम नाय. त्याला विचारलं. तो म्हणाला, प्रत्येक लॉटचं मी मोजतो, ते माझं कामच हाय. शंभर किलोत अठ्ठावन्न किलो माल, बाकी पाणी. थोडं इकडेतिकडे, पण अठ्ठावन्न धरा.

मला एवढंच समजलं की जहाजातून बेचाळीस किलो पाणी येतंय आणि आमी ते नऊ तास जाळून उडवतोय. तुझ्या आकड्याशी त्याचा काय संबंध ते तू सांग.

इकडे फॉर्मची मुदत १० मार्चपर्यंत हाय. लोकांचं चाललंय.

किशोरमामा


दिल्ली
२७ फेब्रुवारी २०२५

प्रिय मामा,

संबंध सरळ आहे आणि तो मला पहिल्याच पत्रात दिसायला हवा होता.

पूर्वी त्या कोडखाली कोरडी पावडर यायची. गेल्या वर्षापासून ओला लगदा यायला लागला. मालाचं नाव तेच, कोड तोच. वजन मात्र पाण्यासकट. आम्ही किंमत किलोंनी भागतो. त्या किलोत बेचाळीस टक्के पाणी असेल तर भाव उतरलेला दिसणारच. तुम्ही चौसष्टला अठ्ठावन्नने भागा आणि शंभरने गुणा. एकशे दहा येतात. म्हणजे येणारा सगळा माल तुमच्या पोत्यांसारखा असेल, तर खऱ्या मालाचा भाव छत्तीस टक्क्यांनी उतरलेला नाही. दहा टक्क्यांनी चढला आहे. सुकवण्याचा खर्च वेगळा.

हा हिशोब तुम्ही तुमच्या पोत्यावरून आणि विनीतच्या मोजणीवरून स्वतः करू शकता. माझ्या ऑफिसातल्या एकाही कागदाची त्याला गरज नाही. कमिटीला दाखवा.

आता जे पहिल्या पत्रात लिहिलं नाही ते लिहिते.

एखाद्या मालाचा भाव एका वर्षात तीस टक्क्यांहून जास्त वर-खाली झाला की आमचा कॉम्प्युटर ती ओळ बाजूला काढतो. मग आमच्यापैकी कुणीतरी ती तपासून कारण लिहायचं आणि पुढे सोडायची. डिसेंबरच्या पत्रिकेच्या वेळी अशा दोनशे बारा ओळी माझ्या वाट्याला आल्या होत्या आणि हातात चार दिवस होते. तुमच्या पावडरची ओळ त्यात होती. मी तिच्यापुढे ‘बाजारभावातील घट’ लिहिलं आणि सोडून दिली. कागदांवर मालाचं वर्णन असतं. ते उघडून बघायला दहा मिनिटं लागली असती. बघितलं नाही. तुम्ही विचारलंत तेव्हाही उघडलं नाही. आपण केलंय म्हणजे बरोबरच असणार, असं धरून तुम्हाला उत्तर पाठवलं. कमिटीसमोर तुम्ही जे वाचलंत, ते मी न तपासता लिहिलेलं होतं.

सोमवारी आमच्या वरिष्ठ मॅडमकडे गेले आणि सगळं सांगितलं. तुम्ही त्या कंपनीत आहात हेही सांगितलं. त्यांनी ती ओळ उघडून बघितली. मग म्हणाल्या, “तुझा मामा तिथे आहे ना? मग यापुढे ही ओळ तू बघायची नाही.” माझ्या शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याकडे ते काम दिलं. तो चौदा महिन्यांचे सगळे कागद उघडून कोरडा माल आणि ओला माल वेगळा करणार, दोन्हींचा भाव वेगळा काढणार. त्यानंतर दुरुस्ती छापली जाईल. लवकरात लवकर मेच्या पत्रिकेत. माझ्याकडून लेखी खुलासा मागितला आहे, तो मी आज दिला.

मे म्हणजे तुमच्यासाठी उशीर आहे हे मला समजतं. याहून लवकर करणं माझ्या हातात नाही.

सही केली नसेल तर करू नका.

अमिता


बिरवाडी
२१ मार्च २०२५

चि. अमिता,

आशीर्वाद. पत्र पोहोचलं. खुलाशाचं पुढे काय झालं ते कळव. मामी रोज विचारते.

हिशोब राजूला दाखवला. त्याने तो कागदावर तीनदा करून बघितला. दुसऱ्या दिवशी कमिटीने कामगार अधिकाऱ्यांकडे अर्ज दिला. १८ तारखेला सुनावणी झाली. मीही गेलो होतो.

तिथे काय झालं ते सांगतो. विनीतला आमी सांगितलं होतं, तू येऊ नको, तू कायम नायस, नुसता आकडा दे. तरी तो आला. अधिकाऱ्यांनी विचारलं, ही मोजणी कोणी केली? तो उठून उभा राहिला आणि म्हणाला, “मी केली साहेब. प्रत्येक लॉटची वही माझ्याकडे हाय.” आणि स्वतःच्या नावाने सही करून कागद दिला.

मॅनेजर म्हणाले, ही आमच्या लॅबची आतली मोजणी, आमी तर सरकारने छापलेला आकडा दिलाय. अधिकारी भले माणूस वाटले. त्यांनी दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले. मग म्हणाले, “तुमचं म्हणणं पटतंय. पण माझ्यासमोर सरकारचा आकडा चौसष्ट आहे. सरकारनेच तो बदललाय असं दाखवा, मग मला काही लिहिता येईल.” तोपर्यंत पुढची तारीख दिली, २७ मे.

मॅनेजरना ओलं-सुकं आधीपासून म्हायत होतं का ते मला सांगता येणार नाय. माल तेच विकत घेतात, तर खरेदीवाल्यांना म्हायत असणारच. पण छापलेला आकडा हातात असला की माणसाला दुसरं बघायची गरज राहत नाय.

प्लांट ३१ तारखेला बंद होतोय, ते थांबलेलं नाय. एकोणतीस जणांनी सह्या केल्यात. सतरा राहिलेत. तरण्यांना बी-प्लांटला घेऊ म्हणाले होते, ते नुसतं तोंडीच राहिलं. ते रोज गेटवर येऊन बसणार असं ठरलंय.

मेच्या पत्रिकेत छापून येतंय का ते बघ. आलं की एक प्रत टपालाने पाठव. मोबाइलवर दाखवलेलं अधिकारी घेत नाय.

किशोरमामा


दिल्ली
१६ मे २०२५

प्रिय मामा,

काल पत्रिका छापून आली. सोबत त्या पानाच्या तीन प्रती आहेत, ऑफिसचा शिक्का मारून घेतला आहे. पान नववं, खालून पाचवी ओळ. चौसष्ट होते तिथे एकशे नऊ आहेत. खाली टीप आहे. कमिटीत वाचून दाखवायला मराठीत लिहून देते. “या उत्पादनाच्या आयातीत कोरड्या मालाऐवजी ओल्या मालाचे प्रमाण वाढल्याचे आढळून आले. कोरड्या वजनाच्या आधारे मागील चौदा महिन्यांचे निर्देशांक सुधारण्यात आले आहेत. यापूर्वी प्रसिद्ध केलेले आकडे ग्राह्य धरू नयेत.”

आपल्या हिशोबात एकशे दहा होते, एकशे नऊ आले, कारण थोडा कोरडा माल अजूनही येतो. ते काम माझ्या सहकाऱ्याने केलं. मी त्याला काही सांगितलं नाही, त्यानेही मला काही विचारलं नाही.

माझ्या खुलाशावर लेखी समज आली. वर्षाच्या अहवालात ती राहील. मॅडमनी एक नियमही केला आहे. बाजूला काढलेल्या ओळीपुढे कारण लिहायचं तर मालाचं वर्णन उघडून बघितल्याची नोंद करावी लागेल, त्याशिवाय ओळ पुढे जाणारच नाही. आता दोनशे ओळींना चार दिवस पुरत नाहीत. आम्हाला दहा दिवस मिळाले आहेत. ऑफिसात काही जण माझ्याशी जेवढ्यास तेवढं बोलतात.

मामा, मार्चच्या पत्रात तुम्ही एकोणतीस जणांच्या सह्या झाल्याचं लिहिलंत आणि सतरा राहिल्याचं लिहिलंत. तुम्ही कुठे आहात ते लिहिलं नाहीत. एप्रिलमध्ये दोनदा फोनवर विचारलं तर तुम्ही बकऱ्यांचं बोलत राहिलात. मामीला विचारलं तर ती म्हणाली, त्यांनाच विचार. म्हणून विचारते.

अमिता


कुडपण, ता. पोलादपूर
३१ मे २०२५

चि. अमिता,

आशीर्वाद. पाकीट बिरवाडीच्या खोलीवर गेलं होतं. खोली आमी एप्रिल अखेरीला सोडली, तुझ्या आईला म्हटलं होतं, तुला एवढ्यात कळवू नको. घरमालकीण गीताबाईंनी ते राजूकडे दिलं आणि राजूने २७ तारखेला सुनावणीला नेलं. तिथे काय झालं ते सांगायला आणि तुझं पत्र द्यायला तो परवा वर आला होता.

अधिकाऱ्यांनी पान बघितलं, शिक्का बघितला, टीप दोनदा वाचली. मॅनेजरना विचारलं, नोटिशीत ज्या आकड्याचा आधार घेतला तो आकडाच सरकारने मागे घेतलाय, आता तुमचं काय म्हणणं? त्यांनी वरच्यांना विचारायला वेळ मागितला. दुपारनंतर कंपनी कबूल झाली. सी-प्लांट एका पाळीत पुन्हा चालू करायचा, १ जुलैपासून. सह्या न केलेल्या सतराही माणसांना परत घ्यायचं, मधल्या तीन महिन्यांच्या पगारासकट. लेखी झालंय. राजू त्या सतरांत हाय. त्याने तुझं पान लॅमिनेट करून घेतलंय.

विनीतची मुदत मार्चमध्ये संपली, ती कंपनीने वाढवली नाय. कारण काही दिलं नाय. तो आता लोट्याला दुसऱ्या कंपनीत लागलाय, तिथे पगार बरा हाय म्हणतो.

आता माझं. मी सही केलेल्या एकोणतीसांत हाय. १२ फेब्रुवारीला केली. तुझं पोत्याबद्दलचं पत्र १५ ला आलं. मी सोमवारी जाऊन विचारलं, अर्ज मागे घेता येईल का. म्हणाले, मंजूर झाला, आता नाय.

१८ तारखेच्या पत्रात हे मी लिहिलं नाय. लिहिलं असतं तर तू मॅडमकडे जाताना आधी मामाची नोकरी गेली म्हणून रडत गेली असतीस. आणि मला वाटलं, हे नीट व्हायचं तर ते मामासाठी नको व्हायला. सुनावणीलाही मी गेलो तो आपला बघायला गेलो. माझं त्यात काही उरलं नव्हतं.

मामी म्हणते, पोरीला एवढंच लिहा की पंचवीस जुन्यांनी सह्या केल्या तर तरण्यांना ठेवणार होते, म्हणून केली. तेही खरं हाय. पण तू विचारलंयस, तर अर्धं कशाला लिहू. आकडा बघूनच सही केली गो. नुसता नोटिशीतला असता तर केली नसती, कंपनी काय वाटेल ते लिहिते. तू लिहिलंस बरोबर हाय, म्हणून केली. त्या दिवशी ३६ खोटे हायत असं कोणी सांगितलं असतं तर मी त्या सतरांत बसलो असतो.

तुला वाईट वाटावं म्हणून लिहीत नाय. तू दोनदा फोनवर विचारलंस आणि मी बकऱ्यांचं सांगत राहिलो, ते माझं मलाच बरं वाटलं नाय.

इथे मी आबाजीदादाबरोबर गुरं बघतो. नाचणीच्या रोपाची जागा पालापाचोळा जाळून भाजून झाली. एकवीस वर्षांनी उन्हात काम करतोय, पाठ धरते, पण खोकला निम्म्याने कमी झालाय. मामीला वर करमत नाय, ती बिरवाडीच्या बायकांना रोज फोन करते. रेंज फक्त देवळाच्या पलीकडच्या कातळावर मिळते, म्हणून रोज तिथवर चालत जाते.

किशोरमामा


दिल्ली
११ जून २०२५

प्रिय मामा,

पत्र सोमवारी मिळालं.

आधी वाटलं, माफी मागावी. लिहायलाही घेतली. मग लक्षात आलं, माफी मागितली की तुम्ही लगेच लिहिणार, जाऊ दे गो. आणि मला ते ऐकायचंच असणार. म्हणून तो कागद फाडला.

एवढंच लिहिते. तुम्ही माझ्या शब्दावर सही केलीत आणि तो शब्द मी न तपासता दिला होता. हे जसं घडलं तसं तुम्ही लिहिलंत, मामीने सांगितलं तसं लिहिलं नाहीत, हे फार बरं केलंत. यापुढे माझ्यापासून काही लपवून मला सांभाळू नका.

दहा दिवसांची रजा मिळाली आहे. २१ तारखेला पोलादपूरला उतरते आणि तिथून सरळ वर कुडपणला येते. नाचणीच्या लावणीला माणूस लागेल. मला येत नाही, पण आबाजीमामा शिकवेल. मामीला सांगा, कातळावर मी तिच्याबरोबर जाईन.

आणि तुम्ही मला जे बोलायचं ते समोर बसून बोला. पत्रात तुम्ही फार कमी बोलता.

तुमची,
अमिता